थर्मोकोलचा ॐ

गेल्या महिन्यात एका व्याख्यानाआधी माझी ओळख करून देताना एका तरुण प्राध्यापिकेनं मला ‘प्रतिमांच्या बाजूनं आयुष्यभर ठाम उभा राहिलेला अभ्यासक’ म्हटलं. टाळ्या झाल्या. मी उठलो, मान तुकवली, तासभर बोललो. परत येताना मात्र मला असा संताप आला की गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बसून राहावं लागलं. तिच्यावर नाही. तिला काय माहीत? कुणालाच माहीत नाही. माझ्या बायकोला नाही, मुलीला नाही. आजवर हे माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — खरं तर कारण काही नाही. त्या टाळ्या आता सहन होत नाहीत, एवढंच.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून वॉशिंग्टनला पीएच.डी. करायला आलो. विषय बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा, इतिहास. तेव्हा इथे येणारी आपली मुलं सिव्हिल नाहीतर केमिकल, नाहीतर नव्यानं सुरू झालेलं कॉम्प्युटर. मराठी घरांतल्या पार्ट्यांत कुणी विचारायचं, ‘तू कशात?’ मी सांगायचो. मग, ‘अच्छा... म्हणजे जॉब कुठे मिळतो यार त्यात?’ मी हसून समोशाकडे वळायचो. आणि मनात — खोटं कशाला बोलू — मनात त्या सगळ्यांना तुच्छ लेखायचो.

माझा प्रबंध एका संन्याशावर होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. पुढचं वाचलंत की का ते कळेल. अकराबाराशे वर्षांपूर्वी तो कॉन्स्टँटिनोपलमधल्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या, एका मोठ्या मठाचा प्रमुख होता. तिथल्या सम्राटांनी फर्मान काढलं की देवाधर्माच्या प्रतिमा म्हणजे मूर्खपणा आहे, काढून टाका. लाकडावर रंगवलेले येशूचे, मरियमचे, संतांचे चेहरे काढले गेले, भिंतींवरचे खरवडले गेले. कित्येक ठिकाणी त्या चेहऱ्यांच्या जागी एक साधा क्रूस रंगवला. चेहरा नको, डोळे नकोत. चिन्ह चालेल. मोठमोठे धर्माधिकारी गप्प बसले, काही तर दरबारच्या बाजूला जाऊन बसले. हा माणूस बसला नाही. सणाच्या दिवशी त्यानं आपल्या मठातल्या संन्याशांना प्रतिमा हातात उंच धरून, सगळ्या शहराला दिसेल अशी मिरवणूक काढायला लावली. त्याला फटके बसले, हद्दपारी झाली, कोठडी झाली. तो लिहीत राहिला. प्रतिमा पुन्हा बसल्या तेव्हा तो जिवंतही नव्हता.

त्याच्या लिखाणातला एक मुद्दा माझ्या प्रबंधाचा कणा होता. तेव्हाचे काही समंजस लोक — समंजस लोकांपासून सांभाळून राहावं — असं म्हणत की चित्र असू द्यावं, पण अडाण्यांसाठी. बिचाऱ्यांना वाचता येत नाही. शहाण्या माणसाला त्याची गरज नाही. माझा संन्यासी यावर उसळायचा. त्याचं म्हणणं, कितीही पोचलेला माणूस असो, त्याला जसा ग्रंथ लागतो तशी प्रतिमाही लागते. तू कोण असा मोठा लागून गेलास की तुला डोळ्यांची गरज नाही?

हे सगळं त्या काळात मनापासून ऐकणारं एकच माणूस होतं. शैला.

शैला मुंबईत शिल्पकला शिकलेली. नवरा सुधीर कॉम्प्युटरमध्ये, दोघं वॉशिंग्टनशेजारी व्हर्जिनियातल्या हर्नडनला नव्या टाउनहाउसमध्ये राहायचे. तेव्हा हर्नडन म्हणजे अर्धं रान, अर्धी बांधकामं, आणि डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमानं. शैला डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करायची सोय नाही, गाडी नुकतीच शिकलेली. दिवसभर घरात एकटी. मी शनिवारी-रविवारी त्यांच्याकडे जेवायला असायचो. सुधीर टीव्हीवर फुटबॉल लावून झोपी जायचा आणि आम्ही दोघं किचनच्या टेबलाशी बसून बोलायचो. ती विचारायची ते प्रश्न माझ्या गाइडनंही कधी विचारले नाहीत. ‘चेहरा रंगवताना त्या चित्रकाराला भीती वाटत असेल ना रे? म्हणजे, चुकला तर?’ किंवा, ‘तुझ्या संन्याशानं स्वतः कधी हातात ब्रश धरला होता का? नसेल तर त्याला इतकं कसं कळलं?’ मी तिच्या प्रश्नांची उत्तरं शोधत लायब्ररीत आठवडा घालवायचो आणि पुढच्या शनिवारी ती जणू मला मुळातच ठाऊक होती अशा थाटात सांगायचो.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती दर वर्षी एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भाड्यानं बसायचा. मूर्ती म्हणजे कुणीतरी सामानातून आणलेली वीतभर प्लास्टरची, सोंडेला टवका उडालेली. त्या वर्षी उन्हाळ्यात शैला म्हणाली, ‘मी करते.’ क्राफ्टच्या दुकानातून मातीच्या थैल्या आणल्या. गराजमध्ये पाट मांडला, तारांचा सांगाडा केला. तीन महिने ती त्या गराजमध्ये होती. मी जायचो तेव्हा कोपरापर्यंत मातीनं भरलेल्या हातांनी दार उघडायची आणि वेगळीच बाई दिसायची — उंच, घाईत असलेली, थोडी उद्धटसुद्धा. ‘बस तिकडे, हात लावू नको कशाला.’

अडीच फुटी मूर्ती. रंग दिलाच नाही तिनं, मातीचाच ठेवला. एक पाय दुमडलेला, पोट सैल सोडलेलं, आणि मान किंचित एका बाजूला कललेली, समोरचा काहीतरी सांगतोय आणि हा मन लावून ऐकतोय तशी. डोळे तिनं शेवटपर्यंत ठेवले होते. ज्या दिवशी केले त्या दिवशी मला फोन करून बोलावलं. मी समोर उभा राहिलो आणि — मी देव मानणारा माणूस नव्हे — माझे हात आपसूक जोडले गेले. शैलानं ते पाहिलं. आणि मातीचे हात पुसायला वळली.

हे मुद्दाम सांगतोय. मला कळलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. मला सगळं कळलं होतं.

गणपतीला तीन आठवडे असताना चर्चच्या पाद्र्याचा फोन आमच्या अध्यक्षांना आला. अध्यक्ष म्हणजे सबनीसकाका. मूळचे सोलापूरचे, रस्तेबांधणीतले इंजिनियर, पन्नाशी उलटलेले, शांत. काकांनी मला विचारलं, ‘अरविंद, तू चलतोस का माझ्याबरोबर? तू यातला माणूस आहेस. माझं इंग्लिश रस्त्याचं आहे रे, देवाचं नाही.’

आम्ही दोघंच गेलो. समोर पाद्री आणि चर्चच्या विश्वस्त मंडळातली एक वृद्ध बाई. कॉफी होती, बिस्किटं होती. दोघं अत्यंत सभ्य. तो सभ्यपणा आठवला तरी आजही माझ्या अंगाची आग होते, पण त्यांचा हिशेब सोपा आहे. त्यांची जागा, त्यांची श्रद्धा, त्यांचा प्रश्न. बाईंनी सांगितलं की मागच्या वर्षी गावातल्या पेपरात आमच्या उत्सवाचा फोटो आला होता. आपल्याच छपराखाली ‘त्या पुतळ्यापुढे’ लोक वाकलेले पाहून काही सभासद अस्वस्थ झाले. सण जरूर करा, जेवण करा, गाणी म्हणा. फक्त पुतळ्याशिवाय करता येईल का?

काकांनी कॉफीचा कप खाली ठेवला. थोडा वेळ शब्द शोधले. मग म्हणाले — हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, कारण ते विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला — ‘मॅडम, धिस इज नॉट अ डॉल. ही इज अवर गेस्ट. गेस्ट इज कमिंग. हाऊ टु टेल हिम, डोंट कम?’

आणि बाई थबकल्या. खरंच थबकल्या. त्यांनी चष्मा काढला आणि काकांकडे नीट बघत विचारलं, ‘पाहुणा? किती दिवस राहतो तो तुमच्याकडे?’ काकांचा चेहरा उजळला. म्हणाले, घरी दहा दिवस, इथे फक्त रविवार. मग आम्ही त्याला पाण्यापर्यंत पोचवायला जातो. मुलं रडतात. बाई पाद्र्याकडे वळून हळूच काहीतरी बोलल्या. ‘आपल्याकडे ख्रिसमसला गोठ्यातलं बाळ असतं तसंच ना,’ असं काहीसं. पाद्र्यानं मान हलवली. दार उघडत होतं. तुम्हाला कळतंय ना मी काय सांगतोय? रस्त्याच्या इंग्लिशमध्ये, एका वाक्यात, त्या माणसानं दार जवळजवळ उघडलं होतं.

मग पाद्री माझ्याकडे वळला. म्हणाला, ‘अरविंद, या विषयातले विद्वान तुम्ही. आम्हाला जरा समजावून सांगा. मूर्ती खरोखर आवश्यक आहे का?’

इथवर मी किती वेळा आलोय. इथवर येतो आणि मागे फिरतो. कधी म्हणतो, मी दमलो होतो. कधी म्हणतो, जवळच्या एका धार्मिक कॉलेजात शिकवायची जागा निघणार होती आणि पाद्र्याची तिथे ओळख होती. हे दुसरं कारण मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं, कारण त्यात निदान पोटाचा प्रश्न आहे, माणूस पोटासाठी वाकतो. पण ते खोटं आहे. त्या जागेबद्दल मला कळलं ते दिवाळीनंतर. त्या दिवशी मला कुणी घाबरवलं नव्हतं, कुणी आमिष दाखवलं नव्हतं. फटके नव्हते, कोठडी नव्हती. कॉफी होती.

मला लाज वाटली. एवढंच. काकांच्या ‘ही इज अवर गेस्ट’ची लाज वाटली. त्यांच्या उच्चारांची, त्यांच्या टेरिकॉटच्या शर्टाची, ‘मुलं रडतात’ म्हणताना ओल्या झालेल्या त्यांच्या डोळ्यांची. त्या बाईंच्या नजरेत मी आणि काका एकाच बाकावर बसलेले होतो आणि मला त्या बाकावरून उठायचं होतं.

मी उत्तम इंग्लिशमध्ये बोललो. म्हणालो, मिस्टर सबनीस फार भावनेनं बोलताहेत, ते समजण्यासारखं आहे. पण आमच्या परंपरेचा उच्च विचार निराकाराचा आहे. मूर्ती ही साध्या, न शिकलेल्या लोकांची सोय. सुशिक्षित हिंदूला तिची गरज नसते. ती एक पायरी आहे, पुढे गेलेला माणूस ती सोडून देतो.

ऐकलंत? चित्र अडाण्यांसाठी, शहाण्याला गरज नाही. ज्या एका विचाराविरुद्ध माझा संन्यासी हद्दपारीत सडला, ज्याचं खंडन मी त्याच आठवड्यात टाइप करत होतो, तो विचार मी त्या टेबलावर ठेवला. सम्राटाच्या बाजूनं बोललो मी. पाद्र्याचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाला, ‘मग तर काही अडचणच नाही!’ बाईंनी चष्मा पुन्हा घातला. त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं. त्या निराश झाल्या होत्या का? मला तेव्हा वाटलं तसं. मी नजर वळवली.

आणि एवढ्यावर थांबलो नाही. विचारलं कुणी नसताना मी तोडगा सुचवला. म्हणालो, मूर्तीऐवजी स्टेजवर आमचं पवित्र अक्षर लावू. ॐ. त्यात कुणाला आक्षेपार्ह काही नाही. चेहरा काढा, चिन्ह लावा. अकराशे वर्षांनी, व्हर्जिनियातल्या एका तळघरात, मी.

काकांनी मला गाडीतून माझ्या अपार्टमेंटपाशी सोडलं तेव्हा म्हणाले, ‘तू म्हणालास ते खरं असेल बाबा. तू शिकलेला आहेस. पण त्या पोरीला आता काय सांगू मी? तीन महिने खपलीय रे ती.’

मी म्हणालो, ‘काका, तुम्ही नका काळजी करू. मी सांगतो तिला.’

‘नीट सांग,’ ते म्हणाले. ‘तुझं ऐकेल ती.’

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, गराजच्या दारात. मूर्तीवर ओलं फडकं टाकलेलं होतं. मी आत न जाता सांगितलं. म्हणालो, ‘शैला, मी खूप भांडलो गं. सगळं समजावलं, माझा अख्खा अभ्यास पणाला लावला. ती बाई ऐकतही होती. पण काका एकदम ओके सर, ओके मॅडम करायला लागले. हॉल हातचा जाईल म्हणून घाबरले. अध्यक्षांनीच मान्य केल्यावर मी काय करणार?’

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते तयारच होतं, सरळ, गुळगुळीत, एकही शब्द न अडखळता. घाबरलेल्या माणसाचं खोटं अडखळतं. माझं अडखळलं नाही.

शैलानं माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. ‘निदान तू तरी बोललास,’ ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? एका हॉलची गोष्ट. परदेशात माणसं असल्या तडजोडी रोज करतात. ‘तडजोड’ हा शब्द कुणी वापरला की मला चीड येते. तडजोड स्वतःची वस्तू देऊन करतात. मी दुसरीची मूर्ती दिली आणि तिसऱ्याचं नाव लावलं.

पुढच्या शनिवारी इंडियन स्टोअरच्या पार्किंग लॉटमध्ये काका भेटले. शैला, सुधीर आणि मी गाडीतून उतरत होतो, काका मोदकाची पिठी घेऊन बाहेर येत होते. शैला तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. लोक थांबून बघायला लागले इतक्या मोठ्यानं म्हणाली, ‘काका, एक शब्द बोलता आला नाही तुम्हाला? एक? हा परका विषय शिकणारा मुलगा आपल्या देवासाठी भांडतो, आणि तुम्ही ओके सर म्हणून येता? अध्यक्ष कशाला झालात मग? खुर्च्या मांडायला?’

सुधीर ‘शैला, शैला’ करत राहिला. काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

ती नजर रागाची नव्हती. रागाची असती तर मी निभावून नेली असती, रागाला राग परतवता येतो. काकांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं. ते कळताना मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. आणि मला वाटलं, आता ते बोलणार.

ते म्हणाले, ‘चुकलं असेल माझं, शैला.’ पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आपल्या गाडीकडे गेले.

का बोलले नाहीत ते? मला वाचवायला? की तिचा एकुलता एक विश्वास मोडू नये म्हणून? की मी इतका क्षुद्र ठरलो की माझ्याशी वाद घालणंही त्यांना नको वाटलं? मी विचारलं नाही. उलट — हेही सांगून टाकतो — त्या क्षणी मला काकांचाच राग आला. या माणसाला स्वतःची बाजूसुद्धा मांडता येत नाही, असं वाटलं. म्हणजे सुटल्याचा आनंद होता आणि त्यावर तुच्छतेचं पांघरूण होतं. इतका नीच होतो मी. पंचवीस वर्षांचा, हुशार, स्कॉलरशिपवर आलेला.

उत्सवाच्या रविवारी सकाळी शैलाचा फोन आला. सुधीर हॉलवर खुर्च्या लावायला गेला होता. ‘ये,’ म्हणाली. मी गेलो. गराजचं दार वर होतं आणि मूर्ती तिनं ओढत ड्राइव्हवेवर आणून ठेवली होती, उघड्या उन्हात. बाहेर मी ती पहिल्यांदाच पाहत होतो. उन्हात ती मान आणखीच जिवंत दिसत होती. शैलाच्या हातात बागेचा पाइप.

‘प्रतिष्ठा नाही तर नाही,’ ती म्हणाली. ‘विसर्जन तरी करते. गराजमध्ये थंडीनं तडकत जाताना मला बघायचं नाही त्याला.’

पाणी सोडलं, पण तिला पाइप मूर्तीकडे धरवेना. तिनं तो माझ्या हातात दिला. म्हणाली, ‘तू धर. तू भांडला होतास त्याच्यासाठी. तुझ्या हातून जाऊ दे.’

मी धरला. हो. तेव्हाही बोललो नाही. पाणी आधी खांद्यांवरून ओघळलं, माती काळी झाली, मग सोंडेचं टोक सुटलं. कच्ची माती पटकन जात नाही. बराच वेळ लागला. डोळे गेले तेव्हा शैला पाठ फिरवून उभी होती. समोरचा शेजारी लॉन कापत होता. त्यानं हात हलवला आणि मी — हसून — हात हलवला. ड्राइव्हवेवरून करड्या मातीचे ओघळ रस्त्याच्या गटारात जात होते. मागे तारांचा सांगाडा राहिला.

दुपारी मी हॉलवर गेलो. स्टेजवर थर्मोकोलचा ॐ होता, भोवती चमकीची पट्टी. शैला आली नाही. आरतीला उभं राहिल्यावर मुलांना कुठे बघायचं ते कळेना, ती आईबापांच्या तोंडाकडे बघत होती. एक लहान मुलगी इंग्लिशमध्ये विचारत राहिली, ‘व्हेअर इज ही? व्हेअर इज ही?’ काका ताट घेऊन उभे होते. आरती त्यांनी पूर्ण म्हटली. पाद्री मागे उभा होता. नंतर येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाला की किती सुंदर, किती अर्थपूर्ण. मी त्याचे आभार मानले.

दीड वर्षानं माझा प्रबंध पूर्ण झाला. तोंडी परीक्षेत संन्याशाच्या त्या मुद्द्यावर मी इतका तळमळीनं बोललो की एका परीक्षकांनी थांबवून पाणी दिलं. पुढे त्याचं पुस्तक झालं, त्यावर नोकरी मिळाली, नोकरीवर घर उभं राहिलं. धैर्य या विषयावर मी किती व्याख्यानं दिली असतील! विद्यार्थी वर्गातून डोळे पुसत बाहेर पडायचे. पुस्तकाच्या सुरुवातीला मी शैलाचे आभार मानलेत. काकांचं नाव कुठेही नाही.

शैलानं मंडळ सोडलं. काकांशी ती पुन्हा बोलली नाही. काकांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा सुधीर एकटा गेला. मातीला तिनं परत हात लावला नाही. निदान लावलेला मला तरी दिसला नाही. ते दशक संपायच्या आत सुधीरला कॅलिफोर्नियात जॉब लागला आणि ते फ्रीमाँटला गेले. काका अधूनमधून कार्यक्रमात भेटायचे. मला टाळायचे नाहीत. ‘काय अरविंद, बरं चाललंय?’ म्हणायचे, आणि उत्तराची वाट बघायचे. तेवढी वाट बघणंच मला सोसत नसे. मी काहीतरी सबब काढून निघायचो. एकदा मी म्हणालो, ‘काका, तेव्हा...’ त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘जेवलास का?’ तो हात मी क्षमा समजून घरी नेला. कुणी दिली होती ती? मी मागितली तरी होती का?

शैला फ्रीमाँटला गेली त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात काका गेले. हार्ट अटॅक, गाडीवरचा बर्फ काढताना. मी अंत्यविधीला गेलो, पहिल्या रांगेत बसलो. काकूंनी मला दोन शब्द बोलायला सांगितले, आणि मी बोललो. चांगलं बोललो. काकांचा सौम्य स्वभाव, काकांची सोशिकता. ‘सोशिकता’ हा शब्द काकूंसमोर माझ्या तोंडून निघाला आणि जीभ झडली नाही.

त्या आठवड्यात शैलाचा फोन आला. बातमी कळली होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, ‘अरविंद, मला ना, रडूच येत नाहीये. वाईट वाटायला हवं, माणूस गेला. पण डोळ्यांसमोर येतं ते एवढंच की ते त्या खोलीत गप्प बसले. माझं मन इतकं कोरडं झालंय का रे?’

मी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

‘तू भांडला होतास,’ ती म्हणाली. ‘ते मी कधी विसरणार नाही.’

तिच्या घरामागून कुठल्यातरी फ्रीवेचा आवाज येत होता. लाइन स्वच्छ होती. माझ्या खोलीत कुणी नव्हतं. काका गेलेले, आता सांगितलं असतं तर जे काही गेलं असतं ते फक्त माझं गेलं असतं.

मी म्हणालो, ‘असू दे गं.’

विनयानं म्हणालो. मोठेपणा मागे सारणाऱ्या माणसाच्या आवाजात. काकांना अग्नी देऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता.